वाचकांचे प्रश्न : लोकांना विचारून ठरणारे अंदाजपत्रक

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. शहरात नागरिकांचे सर्वेक्षण होते, कोणी वही घेऊन दारात येते किंवा मोबाईलवर लिंक येते, पण त्या उत्तरांचा पुढे नळाशी, नालीशी आणि अंदाजपत्रकाशी काय संबंध लागतो हे कळत नाही, असा या पत्रांचा सूर आहे. त्यांतील पाच पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या शहरात अंदाजपत्रकापूर्वी सूचना मागवणारी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली गेली. दीड-दोन हजार लोकांनी फॉर्म भरला आणि शहराला सर्वाधिक गरज उद्यानांची व सायकल मार्गाची असल्याचे जाहीर झाले. आमच्या वसाहतीत अजून नाली नाही. इतके लोक म्हणतात म्हणजे ते खरे मानावे का?
— गुंठेवारी वसाहतीतील एक वाचक

उत्तर : ज्यांनी फॉर्म भरला त्यांचे ते मत आहे, एवढेच त्यावरून म्हणता येईल. ज्याच्या हाती स्मार्टफोन आहे, जो त्या ग्रुपमध्ये आहे आणि ज्याला फॉर्म भरायला सवड आहे, अशाच माणसाचे उत्तर तेथे पोहोचते. अशा उत्तरांची संख्या वाढली म्हणून त्यांचा एकांगीपणा कमी होत नाही. अमेरिकेत 1936 साली लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे 24 लाख उत्तरे गोळा करून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असे भाकीत केले होते आणि रूझवेल्ट प्रचंड फरकाने निवडून आले. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे टेलिफोन व मोटार नव्हती त्यांचे मत वेगळे होते. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी माणसांना विचारून निकालाचा अंदाज बरोबर बांधला.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, परंतु सगळी शिते पातेल्याच्या एकाच कडेची काढली तर तळाचा भात करपला की नाही हे कळणार नाही. घरे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडली, तर सुमारे 385 कुटुंबांच्या उत्तरांवरून संपूर्ण शहराची टक्केवारी पाच टक्क्यांच्या मागेपुढे सांगता येते, आणि असे शंभर वेळा केले तर पंचाण्णव वेळा ते बरोबर ठरते. हा आकडा शहराच्या लोकसंख्येवर जवळजवळ अवलंबून नसतो, हे पुष्कळांना पटत नाही. 2011 च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या 3 लाख 82 हजारांच्या वर होती आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरची पावणेबारा लाखांच्या आसपास होती. दोन्ही शहरांना तेवढीच घरे पुरतात. मात्र प्रत्येक प्रभागाचे चित्र वेगळे हवे असेल, तर प्रत्येक प्रभागात निदान शंभर घरे घ्यावी लागतात आणि तरीही त्या प्रभागापुरता अंदाज दहा टक्क्यांच्या मागेपुढेच राहतो. प्रभागांची क्रमवारी लावून ‘सर्वात समाधानी प्रभाग’ जाहीर करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे.

आपल्यासारख्या वसाहतीची खरी अडचण त्याच्याही आधी सुरू होते. घरे निवडायची म्हणजे घरांची यादी हवी, आणि कार्यालयात हाताशी असलेली यादी असते ती मालमत्ता कराची. त्या यादीत घरमालक असतो, भाडेकरू नसतो. झोपडपट्टीतील घरे अर्धवट असतात. आणि गुंठेवारीतील, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकलेल्या जमिनीवरील, जी घरे 2001 च्या कायद्याखाली नियमित झालेली नाहीत, ती नोंदीत असतीलच याची खात्री नसते. ज्यांच्या दारात नाली नाही तेच यादीत नसतील, तर सर्वेक्षणात नालीची मागणी वर येणार कोठून? म्हणून कराच्या यादीला मतदारयादी आणि वीज मीटरच्या नोंदी जोडून पाहाव्यात, आणि ज्या वस्त्या कोणत्याच यादीत धड नाहीत तेथे गल्लीच्या तोंडापासून घरे मोजत जाऊन ठरावीक अंतरावरचे घर घ्यावे. निवडलेले घर बंद असेल तर शेजारच्या घरात न शिरता संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जावे, कारण दुपारी दार उघडणारी माणसे आणि दुपारी कामावर गेलेली माणसे यांची शहराकडून असलेली अपेक्षा एकसारखी नसते.

आणखी एक बारकावा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. एका व्हॉल्व्हवरच्या सगळ्या घरांना एकाच दिवशी पाणी येते. त्यामुळे एका गल्लीतील दहा घरांना विचारले तर पाण्यापुरते ते जवळपास एकच उत्तर असते. घरे पसरून घेतली नाहीत, तर वहीत हजार नोंदी दिसतात आणि हाती माहिती शंभराचीच येते.

प्रश्न : एका संस्थेची मुले आमच्याकडे आली आणि ‘आपण पाणीपुरवठ्याबाबत समाधानी आहात का’ असे त्यांनी विचारले. सासूबाईंनी ‘हो’ सांगितले, कारण आदल्याच दिवशी नळाला पाणी आले होते. पाणी मी भरते, तेव्हा मला विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते. असे प्रश्न विचारून काय साधते?
— एक गृहिणी, परभणी

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत, कोणाला विचारावे आणि काय विचारावे. दोन्हींची उत्तरे आपण जवळजवळ दिलेलीच आहेत.

समाधान हे मिळालेल्या सेवेइतकेच अपेक्षेवरही ठरते, आणि मराठवाड्याच्या शहरांत पाण्याची अपेक्षा वर्षानुवर्षे खाली सरकत गेलेली आहे. लातूरकरांनी 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिले आहे. मांजरा धरण कोरडे पडल्याचे ते दिवस ज्याने काढले, त्याला पुढे आठवड्यातून एकदा नळ आला तरी बरेच चालले आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. केंद्र सरकारने 2008 साली शहरी सेवांचे जे निकष ठरवले, त्यांत माणशी रोज 135 लिटर आणि दिवसाचे 24 तास पुरवठा असे म्हटलेले आहे. त्या निकषाजवळ पोहोचलेल्या शहरात एक दिवस नळ गेला तर लोक संतापतात, आणि आपल्याकडे ठरलेल्या दिवशी नळ आला तर लोक समाधानी होतात. दोन्ही शहरांच्या समाधानाची टक्केवारी शेजारी शेजारी ठेवून त्यावर निधी वाटला, तर ज्यांनी मुकाट्याने सोसले त्यांच्या वाट्याला कमी येईल. सर्वेक्षण करणाऱ्यांकडून होणारी ही सर्वात मोठी चूक आहे, असे मला वाटते. एकाच शहरातील जुना भाग आणि नवी वसाहत यांच्या बाबतीतही ती अशीच होते.

यावर उपाय असा की आधी घडलेले विचारावे आणि वाटलेले नंतर विचारावे. गेल्या वेळी नळाला पाणी कोणत्या दिवशी आले? त्याच्या आधी कोणत्या दिवशी आले होते? किती वेळ होते, आणि पहिल्यांदा गढूळ येत असेल तर किती वेळ सोडून द्यावे लागते? रात्री आले की दिवसा? मोटार लावल्याशिवाय भांडे भरते का? गेल्या महिन्यात टँकरवर आणि जारवर किती रुपये गेले? पाणी भरण्यासाठी घरातल्या कोणाचा रोज बुडाला किंवा कोणाची शाळा बुडाली? या प्रश्नांना उत्तर देताना माणसाला मत बनवावे लागत नाही, आठवावे लागते, आणि आठवण पंधरा दिवस किंवा महिन्यापुरती ठेवली तर ती बऱ्यापैकी भरवशाची असते. त्याबरोबर घरात पाणी साठवण्याची सोय काय आहे हे अवश्य नोंदवावे. ज्याच्या अंगणात जमिनीखाली हौद आणि गच्चीवर टाकी आहे, त्याला नळ पाच दिवसांनी आला काय आणि आठ दिवसांनी आला काय, फारसा फरक पडत नाही. ज्याच्याकडे दोन ड्रम आणि चार घागरी आहेत त्याचे तिसऱ्या दिवशीच हाल सुरू होतात. नळ दोघांचाही एकाच दिवशी येतो, म्हणून महापालिकेच्या नोंदीत दोघे सारखेच दिसतात. हा फरक फक्त दारात जाऊन विचारल्यावरच कागदावर येतो, आणि टँकर आधी कोठे पाठवावा हे ठरवायला तो उपयोगी पडतो.

कोणाला विचारावे याबाबत नियम सोपा आहे. सेवेशी ज्याचा रोजचा संबंध येतो त्याला विचारावे. पाणी आणि घंटागाडी यांविषयी पाणी भरणाऱ्या आणि कचरा बाहेर ठेवणाऱ्या व्यक्तीला विचारावे, कराच्या बिलाविषयी बिल भरणाऱ्याला, आणि रस्त्यावरच्या दिव्यांविषयी रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्याला किंवा पहाटे क्लासला जाणाऱ्या मुलीला. प्रश्नपत्रिका मराठीबरोबर उर्दूतही असावी आणि विचारणाऱ्यांच्या चमूत स्त्रिया असाव्यात. आपल्या शहरांत या दोन गोष्टींशिवाय अर्धी घरे दार लावून घेतील किंवा ‘घरात कोणी नाही’ असे आतूनच सांगतील.

मोसमाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात विचारले तर सगळे शहर पाणी म्हणते आणि जुलैत विचारले तर खड्डे आणि तुंबलेल्या नाल्या. दरवर्षी एकाच महिन्यात विचारले तरच मागच्या वर्षीशी तुलना होऊ शकते. मला विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ बरा, कारण पावसाळा आठवणीत ताजा असतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडल्या जाणाऱ्या अंदाजपत्रकाच्या तयारीला उत्तरे वेळेवर पोहोचतात. मार्चअखेरीस आलेला अहवाल त्या वर्षापुरता निरुपयोगी असतो, मग तो कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असो.

प्रश्न : मी पहिल्यांदाच महापालिकेत निवडून आले आहे. प्रभागात सर्वेक्षण करून त्यानुसार कामे सुचवावीत असा विचार आहे, पण जुने सहकारी म्हणतात की अंदाजपत्रकात बदलण्याजोगे काही शिल्लकच नसते. हे खरे आहे का?
— एक नगरसेविका

उत्तर : बरेचसे खरे आहे आणि म्हणूनच सर्वेक्षणाआधी आपण लेखा विभागात बसून अंदाजपत्रक वाचावे. वेतन आणि निवृत्तिवेतन, पाणी उपसण्याच्या पंपांचे वीजबिल, कर्जाचे हप्ते, मागील कामांची थकलेली देयके ही आधी बाजूला निघतात. महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि दुर्बल घटक यांच्यासाठी राखून ठेवायचा भाग ठरलेला असतो. अनुदानाचा पैसाही मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात दहा लाखांखालील शहरांना दिलेल्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम स्वच्छता आणि पिण्याचे पाणी यांनाच बांधून ठेवली होती. जकात आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेल्यापासून राज्य सरकारकडून येणाऱ्या भरपाईवर महापालिकांची भिस्त आहे, आणि मालमत्ता कराची वसुली आपल्या भागात किती होते हे आपण जाणताच.

मोठ्या योजनांचा निर्णय तर वार्षिक अंदाजपत्रकात होतच नाही. छत्रपती संभाजीनगरची जायकवाडीवरील नवी पाणी योजना 1680 कोटींची म्हणून मंजूर झाली आणि पुढे 2740 कोटींवर गेली. हे आकडे नागरिकांच्या पसंतीवरून ठरलेले नाहीत आणि ठरण्यासारखेही नव्हते. ‘पाणी रोज हवे का’ असे अशा शहरात विचारणे म्हणजे लोकांची थट्टा करणे होय. विचारायचे ते असे की ज्याचे उत्तर आले तर कोणीतरी उद्यापासून काही वेगळे करू शकेल. पाणी रात्री दोनला सोडावे की पहाटे पाचला, कोणत्या गल्लीतील गळती आधी काढावी, घंटागाडी कामावर जाणाऱ्यांच्या वेळेआधी येते की नंतर, दुरुस्तीच्या निधीतून आधी रस्ता घ्यावा की नाली, हे निर्णय महापालिकेच्या हातातले आहेत. प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक प्रश्नासमोर, त्याच्या उत्तरावर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम आणि अंदाजपत्रकातील लेखाशीर्ष, म्हणजे ज्या नावाखाली तो खर्च पडतो ते, पेन्सिलीने लिहून पाहा. जेथे काहीच लिहिता येत नाही तो प्रश्न काढून टाका.

प्राधान्य ठरवताना नुसती नाराजी पाहू नये. समजा, आपल्या प्रभागात 80 टक्के लोक पथदिव्यांवर नाराज आहेत आणि 40 टक्के पाण्यावर. पण पहिल्या दोन गरजा सांगा म्हटल्यावर दिव्यांचे नाव 20 टक्क्यांनी घेतले आणि पाण्याचे 60 टक्क्यांनी. दोन्हींचा गुणाकार केला तर दिव्यांचे 16 आणि पाण्याचे 24 येतात, म्हणजे नाराजी निम्मी असूनही पाणी वर राहते. परदेशातील अनेक शहरे हा साधा हिशेब वापरतात. ‘काय काय महत्त्वाचे आहे’ असे विचारले की सगळेच महत्त्वाचे ठरते, म्हणून दोनच निवडायला सांगावे, किंवा शंभर रुपये मानून ते पाच-सहा कामांत वाटून द्यायला सांगावे. मात्र या क्रमाच्या शेजारी अभियंत्याकडून प्रत्येक कामाचा खर्च आणि लागणारा काळ लिहून घ्यावा. दिवे खाली आले तरी थोड्या पैशांत महिनाभरात लागत असतील, तर ते आधी लावण्यात काही गैर नाही.

येथे एक सावधगिरी हवी. अग्निशमन दलाची गाडी, स्मशानभूमी, साथरोगांवरची फवारणी यांचे नाव सर्वेक्षणात फार कोणी घेत नाही, कारण गेल्या वर्षात त्यांची गरज थोड्यांनाच पडलेली असते. त्याचप्रमाणे चाळीस घरांच्या एखाद्या वस्तीत शौचालयाची सोय नसेल, तर पंधरा हजार मतदारांच्या प्रभागात ती मागणी टक्क्यांत दिसणारसुद्धा नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने पाणी, सांडपाणी, स्वच्छता ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरवलेली आहेत. ती बहुमताला टाकायची नसतात. सर्वेक्षणाने ठरवायचा तो ती पार पाडण्याचा क्रम आणि पद्धत.

प्रत्यक्ष काम नागरिकांनीच सुचवण्याचा मार्गही आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने 1989 पासून वस्त्यांच्या सभांतून गुंतवणुकीच्या कामांचा क्रम ठरवण्यास सुरुवात केली, आणि पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकापूर्वी नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना अर्जावर मागवत आली आहे. अर्ज भरणारे तेथेही स्वतःहून पुढे आलेले असतात, म्हणून अशा सूचनांना सर्वेक्षणाची जोड असावी असे माझे मत आहे. तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे 74 व्या घटनादुरुस्तीने सांगितले आहे. आपल्या सर्वेक्षणाचा निकाल मांडण्याची तीच पहिली जागा होय.

प्रश्न : आमचे गाव नगरपरिषदेचे. सर्वेक्षणासाठी एजन्सी नेमण्याइतका पैसा नाही. महाविद्यालयाचे विद्यार्थी हे काम करू शकतील का?
— एक प्राध्यापक, बीड जिल्हा

उत्तर : अवश्य करू शकतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पंधरा-वीस विद्यार्थ्यांना एक दिवस सराव द्या, विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या गल्लीत पाठवू नका, प्रश्न वीसपेक्षा जास्त ठेवू नका आणि भरलेल्या अर्जांपैकी दहातल्या एका घरी आपण स्वतः जाऊन खात्री करा. घराचा मोबाईल क्रमांक किंवा आधार क्रमांक लिहून घेऊ नका. त्याची गरज नाही आणि त्यामुळे माणूस मोकळे बोलत नाही. विद्यार्थ्यांबरोबर कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता नको. त्याआधी नगरपरिषदेच्या तक्रार नोंदवहीची दोन वर्षांची पाने चाळा. तेथे फुकट मिळणारी माहिती असते, फक्त ती तक्रार करण्याची धमक असलेल्यांची असते हे लक्षात ठेवा.

प्रश्न : सर्वेक्षणे खूप झाली. केंद्राच्या क्रमवारीसाठी होतात, योजनांसाठी होतात. निकाल मात्र आम्हाला कधीच दिसत नाही. मग लोकांनी पुन्हा पुन्हा उत्तरे का द्यावीत?
— एक सेवानिवृत्त लिपिक, जालना

उत्तर : निकाल दिसला नाही तर पुढच्या वेळी देऊ नयेत, असे मी स्पष्टच म्हणेन. क्रमवारीसाठी होणारी सर्वेक्षणे वेगळी असतात. शहरांतील राहणीमान मोजणाऱ्या केंद्राच्या ‘ईझ ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकाच्या 2020 च्या फेरीत 111 शहरे होती आणि नागरिकांच्या मताला 30 टक्के गुण होते. मतांना गुण असले की चांगली मते जमवण्याकडे यंत्रणांचा कल होणारच. गल्लीतील बिघाड शोधण्यासाठी ही सर्वेक्षणे तयार केलेलीच नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून ती अपेक्षा नको.

निकालाचे काय करावे याचे चांगले उदाहरण बंगळुरूचे आहे. सॅम्युअल पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये तेथील पाणी, वीज, महापालिका अशा सेवांचे नागरिकांनी दिलेले प्रगतिपुस्तक प्रसिद्ध केले. काम होण्यासाठी किती खेपा घातल्या, वरचे पैसे द्यावे लागले का, असे प्रश्न त्यात होते आणि बहुतेक संस्थांना नागरिकांनी फारच कमी गुण दिले. तेच सर्वेक्षण 1999 मध्ये पुन्हा झाले तेव्हा सुधारणा किरकोळ होती. 2003 च्या तिसऱ्या फेरीत मात्र ती ठळक दिसली. मधल्या काळात निकाल वर्तमानपत्रांत छापले गेले, संस्थांच्या प्रमुखांना लोकांसमोर बसून उत्तरे द्यावी लागली आणि सरकारनेही त्यात लक्ष घातले. म्हणजे पहिल्या आकड्यापासून दिसण्याजोग्या बदलापर्यंत नऊ वर्षे गेली. आपल्याकडे दोन वर्षांनी प्रश्नच बदलतात, त्यामुळे तुलनाच होऊ शकत नाही.

जालन्याची महापालिका 2023 ची, म्हणजे तेथे नव्या सवयी लावायला अजून वाव आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने अंदाजपत्रक, नियोजित खर्च आणि धोरणात्मक निर्णयांमागील वस्तुस्थिती न मागता प्रसिद्ध करायची असते. त्या आधारे आपण सर्वेक्षणाचा अहवाल, प्रश्नपत्रिका आणि घरे कशी निवडली याची टिपणी मागू शकता. प्रभाग कार्यालयाच्या फलकावर एक पान लागले तरी पुरे : लोकांनी काय सांगितले, त्यांतले या वर्षी कोणत्या लेखाशीर्षात किती रकमेने घेतले, आणि जे घेतले नाही ते का घेतले नाही. हा तिसरा रकाना भरायला कार्यालये सर्वात जास्त टाळाटाळ करतात, तेव्हा अर्जात त्याचाच उल्लेख वेगळा करावा.